विहिरीतले पोहणे, तलावातला हंगाम

"पाण्यात पडले की पोहता येते," ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. लेक सासरी निघाली की तिला हेच सांगतो आणि पोरगा नोकरीला शहरात निघाला की त्यालाही हेच सांगतो. संसाराच्या बाबतीत ती खरी असेल. पाण्याच्या बाबतीत मात्र ती साफ खोटी आहे, वाचकहो. पाण्यात पडले की माणूस बुडतो. पोहता येते ते शिकल्याने, आणि शिकवणारा कुणीतरी काठावर उभा असल्याने.

आज तुमच्याशी बोलायचे आहे ते शाळेच्या पोहण्याच्या संघाबद्दल. शेतीला जसा हंगाम असतो तसा या पोरांनाही असतो. जूनमध्ये शाळा उघडली की पेरणी, आणि दसरा-दिवाळीच्या आगेमागे सुगी. मधल्या चार-पाच महिन्यांत पोर कुठून कुठे पोचले, हे कसे ओळखायचे? बहुतेक आईबाप एकच प्रश्न विचारतात, "नंबर आला का?" हा प्रश्न अपुरा आहे. का, ते पुढे सांगतो.

बीड जिल्ह्यात बसून पोहण्याच्या शर्यतींवर लिहायचे म्हणजे काहीजण हसतील. "अहो, हंडाभर पाण्यासाठी मैलभर पायपीट, आणि तुम्ही पोहण्याचे काय काढलेत?" असे म्हणतील. म्हणणे खोटे नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि आपल्याकडच्या विहिरींचे तळही त्या वर्षी सगळ्यांनी पाहिले. पण दुसरी बाजू तितकीच खरी आहे. गोदावरी आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेच्या कडेने वाहते. मांजरा आपल्याच पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. माजलगावला सिंदफणेवर मोठे धरण आहे. विहिरी शेतोशेत आहेत, आणि २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आल्यापासून शिवारात शेततळीही वाढली.

म्हणजे आपले पोर पाण्यापासून लांब नाही. फक्त पाण्याची आणि त्याची रोजची ओळख नाही. उन्हाळाभर कोरडा खड्डा असतो, आणि दोन मोठे पाऊस झाले की तिथेच दोन पुरुष खोल पाणी उभे राहते. ज्या पोराने दोन वर्षे पाणीच पाहिले नाही त्याला त्याचा अंदाज कुठून येणार? २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे, आणि त्यातली जवळपास चौथाई पाच वर्षांच्या आतली मुले होती. म्हणून पोहणे हे आधी जीव वाचवण्यासाठी आणि मग पदकासाठी. पण गंमत अशी, की गावात पोहण्याचा संघ उभा राहिला की पहिले काम आपोआप होते. शिकवणारा ठरलेल्या वेळी येतो, पोरे मोजून पाण्यात उतरतात, मोजून बाहेर येतात. एरवी कोण कोणाला शिकवते?

विहिरीने दिले काय, राहिले काय

आपल्याकडे पोहणे शिकण्याची जुनी रीत तुम्हाला ठाऊक आहे. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर लावायचा, आणि मामाने काठावरून ढकलून द्यायचे. चार दिवस नाकातोंडात पाणी जाते, पाचव्या दिवशी पोर हातपाय मारू लागते, आणि महिन्याभरात मोटेच्या धावेवरून मुटके मारते. या शाळेला नावे ठेवू नयेत. खोल पाण्याची भीती विहीर जितकी घालवते तितकी दुसरे कुणी घालवत नाही. दम आणि धीर तिथेच येतो.

पण विहीर एक गोष्ट देऊ शकत नाही, ती म्हणजे सरळ लांबी. आपल्या शेतातली साधारण विहीर वीस-पंचवीस फूट रुंद असते. चार हात मारले की समोरचा दगड हाताला लागतो. स्पर्धेचा मोठा तलाव ५० मीटर लांब, म्हणजे १६४ फूट. लहान तलाव त्याच्या निम्मा, २५ मीटरचा. विहिरीच्या सात-आठ फेऱ्या एका दमात, मध्ये कुठे हात न टेकता, म्हणजे एक ५० मीटर झाले. गावात ज्याला मासा म्हणतात ते पोर पहिल्यांदा तलावात उतरते तेव्हा निम्म्या वाटेवरच त्याची छाती भरून येते, आणि ते गोंधळून पट्ट्याचा दोर धरते. तिथे ते हिरमुसते. आईबापांनी तिथेच सांभाळायचे असते.

त्या पोराचे चुकते कुठे? विहिरीत आपण डोके वर काढून पोहतो, कारण समोर दगड आहे, शेजारी दुसरे पोर आहे. डोके वर आले की कंबर आणि पाय खाली जातात. मग अंग पाण्यात तिरपे होते, आणि तिरपे अंग ओढायला दुप्पट जोर लागतो. फाळ जमिनीत नको तितका खोल गेला की बैल जसे घामाघूम होतात, तसेच हे. मेहनत सगळी होते, तास मात्र पुढे सरकत नाही.

हंगाम कसा चढतो

शालेय जलतरण स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट असतात, मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे. जिल्ह्यात निवड झाली की विभाग, विभागातून राज्य, आणि राज्यातून राष्ट्रीय. तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात, म्हणून शाळा उघडल्याबरोबर क्रीडाशिक्षकांना विचारून ठेवावे. पोहण्याचे प्रकार चार. पहिला फ्रीस्टाईल, म्हणजे एकेक हात पुढे टाकत जाणे. दुसरा पाठीवरचा. तिसरा छातीवरचा, ज्यात पाय बेडकासारखे चालतात. चौथा बटरफ्लाय, ज्यात दोन्ही हात फुलपाखराच्या पंखांसारखे एकदम पाण्यावरून पुढे येतात.

पहिला महिना श्वासाचा. तोंड पाण्यात ठेवायचे, श्वास पाण्यातच सोडायचा, बुडबुडे येऊ द्यायचे, आणि मान बाजूला वळवून नवा श्वास घ्यायचा. ऐकायला सोपे, करायला अवघड. पण यासाठी तलाव लागत नाही. विहिरीच्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात बसून, शेजारी मोठे माणूस ठेवून, पोर हे रोज शंभर वेळा करू शकते. विहीर आटलेली असेल तर घमेल्यात पाणी घेऊनही होते.

दुसरा महिना पायांचा. पाय गुडघ्यातून झाडायचे नाहीत, कमरेपासून हलवायचे. इथे एक चमत्कारिक गोष्ट घडते, आणि ती आईबापांनी आधीच माहीत करून घ्यावी. नवी रीत शिकताना पोराची वेळ सुधारण्याऐवजी आधी बिघडते. जुनी सवय सुटलेली असते, नवी अजून अंगवळणी पडलेली नसते. पोर म्हणते, "मी आधीच बरा पोहत होतो." सीताफळाची छाटणी केल्यावर बाग काही दिवस भकासच दिसते, बहार नंतर धरतो. त्या दिवसांत पोराला घरी टोचून बोलू नये.

तिसरा महिना सुरुवातीचा आणि वळणाचा. विहिरीत सूर मारायचा तो खोल, तळ काढण्यासाठी. शर्यतीत खोल गेलेले पोर वर येईपर्यंत शेजारचे पुढे निघून जाते. इथे उडी लांब आणि उथळ हवी, तीही शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि पाणी पुरेसे खोल असेल तिथेच. मग भिंत आली की वळायचे, दोन्ही पायांनी भिंतीला रेटा द्यायचा आणि बाणासारखे निघायचे. विहिरीच्या पोरांना भिंतीची सवय असल्यामुळे हे त्यांना लवकर जमते. विहिरीचे देणे असे कामाला येते.

आणि मग पहिली स्पर्धा. पहिल्या स्पर्धेत आपली पोरे जितकी दुसऱ्याच्या वेगाने हरतात, तितकीच नियमांनी हरतात. छातीवरच्या प्रकारात आणि बटरफ्लायमध्ये प्रत्येक वळणावर आणि शेवटी भिंतीला दोन्ही हात एकदम लावावे लागतात; एक हात लावला की पोर बाद. इशाऱ्याच्या आधी पाण्यात उडी घेतली की बाद. पाठीवर पोहताना भिंत दिसत नाही, म्हणून भिंतीच्या ५ मीटर अलीकडे वर झेंड्यांची दोरी बांधलेली असते. ती दिसली की हात मोजायचे, नाहीतर डोके आपटते. हे नियम घरी बसून पाठ करता येतात. पावसाची झड लागली असताना ओसरीवर बसून आजीने नातवाला विचारावेत. आजीला पोहता येत नसले तरी चालेल.

घड्याळाचा हिशेब

आता "नंबर आला का?" या प्रश्नाकडे येऊ. नंबर आपल्या एकट्याच्या हातात नसतो. शेजारच्या पट्ट्यात कोण आहे त्यावर तो ठरतो. शेजाऱ्याच्या रानात एकरी दोन क्विंटल जास्त झाले म्हणून आपले पीक वाईट ठरत नाही. गेल्या साली आपल्या रानात किती झाले होते, त्यावर आपली सुधारणा ठरते. पोहण्यात हा हिशेब घड्याळ करते, आणि घड्याळ भीडभाड ठेवत नाही.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचे उदाहरण घ्या. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला तो गेला तेव्हा त्याला सतरावेही पुरे झालेले नव्हते. १०० मीटर फ्रीस्टाईलमध्ये तो आपल्या प्राथमिक शर्यतीत पहिला आला, पण पुढच्या फेरीसाठी सगळ्या शर्यतींतल्या वेळा एकत्र लावतात, त्यामुळे पहिला नंबर येऊनही त्याला पुढे जाता आले नाही. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत पोहण्यातले भारताचे त्याआधीचे पदक १९८६ चे, खजानसिंगचे. म्हणजे मध्ये चोवीस वर्षे गेली होती. पुढे २०१८ मध्ये जकार्त्याला ५० मीटर फ्रीस्टाईलच्या अंतिम शर्यतीत वीरधवलने २२.४७ सेकंद वेळ दिली. तिसरा आलेला २२.४६ मध्ये पोचला होता. सेकंदाचे शंभर भाग करा, त्यातल्या एका भागाने पदक हुकले. आता सांगा, नंबर आला नाही म्हणून तो हंगाम वाया गेला म्हणायचे का?

आपल्या जिल्ह्याचाच दाखला हवा असेल तर आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेकडे पाहा. खेळ वेगळा, अडथळ्यांची ३००० मीटर धावण्याची शर्यत, पण हिशेब तोच. २०२२ च्या मार्चमध्ये त्याने तिरुवनंतपुरमला ८ मिनिटे १६.२१ सेकंद वेळ दिली. जूनमध्ये मोरोक्कोतल्या रबातला ८ मिनिटे १२.४८. जुलैमध्ये अमेरिकेत जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत तो अकरावा आला, आणि वेळही बरीच मागे गेली. त्या दिवशी कुणी म्हटले असते, "संपला याचा हंगाम." पण ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ देऊन रौप्यपदक आणले. सुवर्ण सेकंदाच्या पाच शतांशाने राहिले. एकाच हंगामात चढ, उतार आणि पुन्हा चढ. कोणताही हंगाम सरळ रेषेत वर जात नाही, हे शेतकऱ्याला निराळे सांगायला नको.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा, ३७.३३. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग निकामी झाले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला, अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये, त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाईल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक जिंकले. तो त्या गटातला जागतिक विक्रम होता. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपटही आला. तुमचे पोर ५० मीटर पंचेचाळीस सेकंदांत पोहून दमले म्हणाले, तर त्याला हा आकडा सांगा. रागावण्यासाठी नव्हे, हातांत किती जोर असतो ते कळावे म्हणून.

आपल्या जवळचे करमाळा घ्या. तिथल्या सुयश जाधवचे दोन्ही हात लहानपणी विजेच्या तारेच्या अपघातात गेले. तो २०१६ मध्ये रिओच्या पॅरालिंपिकला गेला, २०१८ मध्ये जकार्त्याच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्णपदक आणले, आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. गावात एखादे पोर अंगाने अधू असेल तर त्याला पाण्यापासून लांब ठेवू नका. पाणी अंगाचा भार उचलते. जमिनीवर जे जमत नाही ते तिथे जमू शकते.

संघ कोण पुढे नेतो

पोहणे एकट्याचे असते असे वाटते, पण रिले शर्यतीत चौघांची वेळ एकत्र धरतात. चार टप्पे ५०-५० मीटरचे आहेत असे समजू. समजा, जुलैमध्ये तुमच्या शाळेतल्या चौघांच्या वेळा ४४, ४७, ५२ आणि ५७ सेकंद होत्या. बेरीज २००, म्हणजे ३ मिनिटे २० सेकंद. ऑक्टोबरात त्याच ४१, ४४, ४६ आणि ५० झाल्या. बेरीज १८१, म्हणजे ३ मिनिटे १ सेकंद. संघ १९ सेकंदांनी सुधारला. आता पाहा कोणामुळे? पहिल्या दोघांनी तीन-तीन सेकंद कमी केले, तिसऱ्याने सहा, आणि सर्वांत मागच्या पोराने सात. ज्याच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते त्यानेच संघाला सर्वांत जास्त दिले.

म्हणून गुरुजींना विनंती, की सगळा वेळ पहिल्या पोरालाच देऊ नये. आणि आईबापांना सांगणे, की आपले पोर संघात चौथे आहे म्हणून त्याला काढून घेऊ नये. एक आणखी लक्षात असू द्या. रिलेमध्ये पुढचा भिंतीला हात लावण्याआधी मागच्याने उडी घेतली, तर चौघेही बाद. एकाच्या उतावीळपणाने चौघांचे श्रम बुडतात. संसार शिकवायला याहून चांगली शाळा कुठे मिळेल?

वेळ लिहून ठेवायला एक वही पुरे. तारीख, अंतर, प्रकार, वेळ, आणि शेजारी एक ओळ, "आज श्वास चुकला", "आज वळण चांगले झाले". मोबाईलमध्ये स्टॉपवॉच असतेच. पोराने स्वतः लिहावे आणि आईने महिन्याला एकदा पाहावे. खर्चही फार नाही. पोहण्याचा चष्मा, टोपी, पोशाख आणि कोरडा टॉवेल. डब्यातली महागडी पूड विकत आणू नये. भाकरी, वरण किंवा पिठले, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे आणि गूळ, जमेल तसे दूध-अंडे, एवढे पोटभर मिळाले की वाढत्या अंगाला बळ येते.

मुलींच्या आईबापांशी दोन शब्द

मुलगी विहिरीवर पोहली तर कौतुक होते, पण चौदावे लागले की तिला काठावर बसवतात. कारण एकच, पोशाख आणि लोकांच्या नजरा. तर ऐका. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा पोशाख आंतरराष्ट्रीय नियमांतही बसतो. मुलींच्या शर्यती वेगळ्या होतात. बरोबर शिक्षिका किंवा घरातली बाई जावी, हा आग्रह जरूर धरा, तो योग्यच आहे. पण दार लावू नका. मुंबईच्या अपेक्षा फर्नांडिसने २०२२ मध्ये पेरूतल्या लिमा शहरी जागतिक कुमार स्पर्धेत २०० मीटर बटरफ्लायची अंतिम फेरी गाठली. तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय मुलगी. शहरातल्या मुलीला तलाव जवळ असतो हे खरे. पण आपल्या पोरींना दम कमी असतो असे कोण म्हणेल? दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या पोरी आहेत या.

आणि तीच पोर उद्या आई होईल. विहिरीवर धुणे धुताना पाय घसरला, तर पोहता येणाऱ्या बाईचा जीव वाचू शकतो.

दोन हंगामांची टक्कर

आता मुख्य दुखणे. वर सांगितलेला हंगाम जेव्हा सुगीला येतो, विभाग आणि राज्य स्पर्धांचे दिवस जवळ येतात, नेमक्या त्याच वेळी आपल्या जिल्ह्यातला दुसरा हंगाम सुरू होतो. दसरा झाला की मुकादमाचा निरोप येतो. उचल घेतलेली असते. घराला कुलूप लागते, आणि नवरा-बायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर निघतो. आपल्या जिल्ह्यातून अशी जाणारी माणसे लाखांच्या घरात आहेत. बरोबर पोर जाते. ते फडात वाढे गोळा करते, मोळ्या बांधू लागते, धाकट्याला सांभाळते. जुलैपासून ज्याने सात सेकंद कमी केले ते पोर नोव्हेंबरात फडात असते, आणि संघात तीनच राहतात. तिघांचा रिले होत नाही.

जे घरी राहतात त्यांचीही ओढाताण असते. सोयाबीन काढणीला आलेले, कापूस फुटलेला, मजूर मिळत नाही. "दोन दिवस शाळा बुडाली तर काय बिघडते?" असे आपण म्हणतो. आपली अडचण खरी आहे. तिला खोटे कोण म्हणेल? पण पोहण्यातला दम पंधरा दिवस पाणी सुटले तरी उतरू लागतो. पिकाला फुलोऱ्यात पाण्याचा ताण बसला तर पुढे कितीही पाणी दिले तरी दाणा भरत नाही, तसे हे आहे.

यावर वाटा आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांना गावात ठेवता यावे म्हणून शाळेमार्फत हंगामी वसतिगृहाची सोय करता येते. २०२१ मध्ये शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली. आपल्या तालुक्यात जागा आहे का, हे श्रावणातच मुख्याध्यापकांना विचारावे. दसऱ्याला विचारून उपयोग नाही. आजी-आजोबा गावात असतील तर पोर त्यांच्यापाशी ठेवावे. आणि ज्याचे पोर संघात आहे त्याच्या कापसाची वेचणी भावकीने दोन दिवस सावडीने करून द्यावी. सावड आपल्याला नवी नाही.

यात मिळकत काय, असाही प्रश्न येईल. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात, आणि ठरावीक पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. त्याचे नियम शाळेत समजावून घ्यावेत आणि प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. सैन्यात आणि पोलिसांत जाणाऱ्या पोरांना तर दमाचा उपयोग होतोच. पण प्रत्येकाला नोकरी लागेल असे मी सांगणार नाही. पोर पाण्यात बुडणार नाही आणि दुसऱ्याला वाचवायचे कसे ते त्याला कळेल, ही मिळकत मात्र सर्वांना सारखी आहे.

जपणुकीच्या चार गोष्टी

सराव विहिरीत असो वा तलावात, मोठे माणूस काठावर असल्याशिवाय पोराने पाण्यात उतरू नये, मग ते कितीही तरबेज असो. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशी पैज पोरे लावतात. ती बंद करा. श्वास कोंडून राहिलेला पोहणारा पाण्यातच शुद्ध हरपतो आणि वरच्यांना कळतही नाही. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तर सराव करायचाच नाही. त्याचा उतार शेवाळाने इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. शेततळ्याला कुंपण घाला, आणि चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर पक्क्या खुंटीला बांधून पाण्यात सोडून ठेवा. कुणी बुडताना दिसले तर एकदम उडी घेऊ नये. आधी आरडाओरडा करावा, मग दोर, काठी, फुगवलेली ट्यूब, धोतर, जे हाताला लागेल ते त्याच्याकडे टाकावे. बुडणारा मिठी मारतो, आणि एकाच्या जागी दोघे जातात.

तर वाचकहो, या साली विहिरीला पाणी आले की एक करा. गावातल्या दहा-बारा पोरांना गोळा करा, क्रीडाशिक्षकांना भेटा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तलावावर महिन्यातून एक-दोनदा नेता येईल का ते पाहा. एका जीपच्या भाड्यात दहा पोरे बसतात. पहिल्या दिवशी प्रत्येकाची वेळ वहीत लिहा, कितीही वाईट असो. मग दिवाळीला तीच वही काढा. पोराला नंबर विचारायच्या आधी दोन आकडे शेजारी ठेवून पाहा, आणि जितके सेकंद कमी झाले असतील तितक्यांबद्दल त्याच्या पाठीवर हात ठेवा. मुकादमाला होकार द्यायच्या आधीही ती वही एकदा उघडून पाहा.